सर्वांत खालचे घर

आमच्या ओढ्यावरील बंधाऱ्याचे बर्गे कधी काढायचे, हे ठरविण्याचा अधिकार काठावरच्या सर्वांत खालच्या घराला होता. हा नियम कोणी घातला, याचा मला शोध लागला नाही. मी त्या गावात राहावयास गेलो तेव्हा तो होता आणि त्यावर कोणी वाद घालीत नसे.

बर्गे म्हणजे लोखंडी फळ्या. बंधाऱ्याच्या दगडी खांबांना खाचा असतात. त्यांत या फळ्या एकावर एक उतरवायच्या. पावसाळा सरला की बसवायच्या, म्हणजे पाणी अडते. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी काढायच्या, म्हणजे पुराला वाट राहते. अडलेल्या पाण्यावर विहिरी जगत. त्यामुळे विहिरीवाल्यांना बर्गे होतील तितके उशिरा निघालेले हवे असत, आणि काठच्या घरांना लवकर. या रस्सीखेचीत शेवटचा शब्द सर्वांत खालच्या घराचा. बंधाऱ्यामागे पाणी तुंबले तर ज्या उंबऱ्याला ते पहिल्यांदा लागेल, ते घर. त्या घरातील कर्त्या माणसाने बंधाऱ्यावर येऊन "काढा" म्हणायचे. म्हटले की त्याच दिवशी पहारी आणि साखळ्या बाहेर निघत. कारण विचारण्याची पद्धत नव्हती.

खालच्या घराला पावसातले अधिक कळते, असे कोणी मानीत नव्हते. ते घर पहिल्यांदा भिजणार होते, एवढीच त्याची पात्रता. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून मी आयुष्य काढले. खडकवासल्याच्या कालव्यांचे नकाशे मी आखलेले आहेत. निर्णय घेण्याच्या अनेक पद्धती मी पाहिल्या. याहून निकोप पद्धत मला आढळली नाही.

गाव विश्रांतवाडीच्या पलीकडचे. मी गेलो तोवर ते महापालिकेत सामील झाले होते, परंतु ओढा आणि बंधारा यांच्याकडे पाहणारी जुनी संरक्षण समिती टिकून होती. तिचे अध्यक्ष गावातले शेतकरी. शेती उरली नव्हती. काठची जमीन त्यांनी गुंठ्या-गुंठ्याने विकली होती आणि वरची एका बांधकाम व्यावसायिकाला दिली होती. बंधाऱ्याची काळजी मात्र त्यांनी विकली नव्हती. मी समितीचा चिटणीस झालो, कारण सभेचा वृत्तान्त शुद्ध लिहील असा दुसरा कोणी सापडला नाही.

पूर्वी सर्वांत खालचे घर अध्यक्षांचेच होते. ते पाडून त्यांनी वर गावठाणात दुमजली बांधले, आणि खालचा गुंठा वऱ्हाडातून आलेल्या एका कुटुंबाला विकला. नवरा भोसरीकडे कारखान्यात पाळीवर. बाई घरी शिलाईकाम करीत. विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे. पहिल्या वर्षी वैशाखात अध्यक्ष त्यांच्या दारी गेले, तेव्हा मी बरोबर होतो.

"ताई, बर्गे कवा काढायचं, ते तुमी सांगायचं आता."

बाईंनी शिवणयंत्राचे चाक हाताने थांबविले. "म्या? म्या काहून? मले काय समजते त्यातलं?"

"समजायचं काय त्यात? पानी पैलं तुमच्याकडं येनार. तुमाला भ्या वाटलं की म्हनायचं, काढा."

"मले त आत्ताच भेव वाटून राह्यलं जी."

"आत्ता नगा म्हनू. हिरीवालं मारत्याल मला."

त्या वर्षी त्यांनी पुरते आठ दिवस आभाळाकडे पाहिले आणि मग बंधाऱ्यावर येऊन, पदर सावरून, कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, "काढा जी." विहिरीवाले कुरकुरले. बर्गे निघाले. मारुतीच्या देवळामागच्या शेडमध्ये रचून ठेवले गेले, आणि अध्यक्षांकडे सर्वांचा चहा झाला. पुढे दरवर्षी असेच झाले. त्या 'जी' लावीत. गावातली माणसे त्याची नक्कल करीत. परंतु शब्द कोणी मोडला नाही.

त्यांच्या घराच्या वरच्या अंगाला एक मोकळा प्लॉट होता आणि त्याच्या वर माझे घर. पलीकडच्या काठावर याच सुमारास संगणक कंपन्यांतील तरुणांची एक उंच सोसायटी उभी राहिली. तिच्या मागची टेकडी कार्यालयांच्या इमारतींसाठी कापण्यास सुरुवात झाली होती. टेकडीवरचे पाणी पूर्वी गवतातून, चरांतून, सावकाश येई. आता एखादी हलकी सर पडली तरी ओढ्याला काही मिनिटांत तांबडे पाणी दिसू लागे. अध्यक्षांनी ते पाहिले होते, मीही पाहिले होते. आम्ही त्याविषयी फारसे बोललो नाही.

विलीनीकरणाची बातमी शतक पालटल्यानंतर काही वर्षांनी आली. ओढे, तळी, टेकड्या, बंधारे यांच्यासाठी ठिकठिकाणी ज्या लहान समित्या आणि कार्यालये होती, ती सर्व मोडून एक मोठे प्रादेशिक प्राधिकरण होणार होते. हरकती मागविण्यात आल्या. आम्ही हरकत घेतली.

प्राधिकरणाची बाजू पोकळ नव्हती. लहान समित्यांपाशी तांत्रिक माणसे नसतात, हे खरे होते. त्या आपल्याच लोकांच्या अतिक्रमणांकडे डोळेझाक करतात, हेही खरे होते. आमचे अध्यक्ष त्याचे चालते-बोलते उदाहरण होते. माझे म्हणणे निराळे होते. निर्णय घेणारा आणि भिजणारा यांच्यातले अंतर वाढवू नका, एवढेच मी लिहिले होते. अध्यक्षांना तो मजकूर कोरडा वाटला.

"चिटनीस, ह्ये वाचून कुनाचं मन हलायचं न्हाय. आपली रीत सांगू त्यास्नी. ताईंना संगं घिऊ."

मला ती सूचना योग्य वाटली. आमच्यापाशी सांगण्यासारखे जे होते, ते तेच होते.

सुनावणी येरवड्याच्या पुढे एका नव्या काचेच्या इमारतीत होती. आत इतका गारठा होता की बाईंनी पदर कानांवरून घेतला. अधिकारी तरुण, नम्र, उच्चशिक्षित. त्यांनी आम्हांला स्वतः उठून खुर्च्या दिल्या. भिंतीवर यंत्रातून नकाशा पाडलेला होता. सगळा जिल्हा त्यावर होता. आमचा ओढा शोधावयास मला वेळ लागला. मी नकाशावरचा माणूस असूनही.

"सर, मला तुमचं ऑब्जेक्शन समजलं," अधिकारी म्हणाले. "पण मला प्रोसेस समजून घ्यायचीय. बर्गे कधी काढायचे हे डिसाइड कोण करतं? क्रायटेरिया काय?"

अध्यक्ष उभे राहिले. भाषणाची त्यांना हौस होती. "साहेब, आमच्यात क्रायटेरिया न्हाय. आमच्यात मानूस हाय. वड्याकडंला सगळ्यात खालचं जे घर, त्यानं म्हनायचं. आता ह्या ताईंचं घर खालचं. समद्यात खालचं. पानी पैलं ह्यांच्या चुलीत जानार. म्हनून ह्या म्हनतील तवाच बर्गे निघनार. कलेक्टर आला तरी न्हाय ऐकत आमी."

अधिकाऱ्यांनी हातातले पेन खाली ठेवले. त्यांना मनापासून कौतुक वाटले होते, हे मी नमूद करतो. "व्हेरी इंटरेस्टिंग. मॅडम, तुमचं घर यावर दाखवू शकाल?"

नकाशा मोठा करण्यात आला. जिल्हा गेला, शहर गेले, ओढा हाताच्या दंडाएवढा जाड झाला. बाई उठल्या. पडद्यापाशी गेल्यावर त्यांच्या डोक्याची सावली नकाशावर पडली, म्हणून त्या वाकल्या. देऊळ कोठे, बंधारा कोठे, असे स्वतःशी पुटपुटत त्यांनी बोट फिरविले आणि एका ठिकाणी टेकविले.

"हे पाहा जी. इथं."

"शुअर? अगदी पाण्याला लागून?"

"होय जी. मांगच्या दारातून पाणी दिसते."

अधिकाऱ्यांनी मेजावरच्या यंत्रावर काही दाबले. बाईंचे बोट होते तेथे लाल ठिपका उमटला. बोट काढल्यावरही तो राहिला. "थँक यू, मॅडम. बसा."

परतताना सहा आसनी रिक्षात अध्यक्ष प्रसन्न होते. "साहेबाला पटलं बगा. तोंडावरच दिसत हुतं."

बाई बाहेर पाहत होत्या. बोलल्या ते माझ्याशी.

"काकाजी, त्यानं माह्या घरावर लाल ठिपका काहून ठेवला?"

मला उत्तर येत होते. काठचे बांधकाम पूररेषेच्या आत असल्याचा पुरावा सहसा मोजणीने मिळवावा लागतो. येथे तो घरमालकिणीने आपल्या बोटाने दिला होता, आणि ज्या रीतीच्या बळावर आम्ही समिती वाचवू पाहत होतो, त्या रीतीनेच तिला तेथवर आणले होते.

"नोंदीसाठी असेल," मी म्हणालो.

विलीनीकरण झाले. आमची समिती 'सल्लागार' झाली. सल्ला कोणी विचारला नाही. दिवाळीनंतर बर्गे बसविण्याचे काम ठेकेदाराने केले, नीटनेटके केले. जुने बर्गे भंगारात चोरीला जातात म्हणून सर्वांत वरच्या बर्ग्यांच्या कड्यांतून साखळी ओवून तिला कुलूप घातले. चावी प्राधिकरणाच्या कार्यालयात. शेजारी पाटी लागली: परवानगीशिवाय हात लावू नये.

त्यानंतर बाईंना नोटीस आली. बांधकाम निळ्या पूररेषेच्या आत, जीवितास धोका, स्वतःहून काढून घ्यावे.

आम्ही तिघे पुन्हा त्याच इमारतीत गेलो. अधिकाऱ्यांनी चहा मागविला. अध्यक्ष या वेळी उभे राहिले नाहीत.

"साहेब, गरिबाचं घर हाय. आमी बर्गे येळंवर काढतो. इतक्या वर्सांत पानी आत गेलं न्हाय."

"काका, मला फॅमिलीची काळजी आहे म्हणूनच ना? सर्वांत खालचं घर हे, तुम्हीच सांगितलंत. माहीत असताना मी सोडलं आणि उद्या काही झालं, तर?"

"पण बर्गे—"

"बर्ग्यांचं शेड्यूल आता सेंट्रली होतं. पूर्ण रीजनला एक प्रोग्रॅम. पावसाळ्याच्या तोंडावर ठेकेदार काढेल."

"पावसाळ्याचे तोंड आमच्याकडे वळवापासून सुरू होते," मी म्हणालो.

"ते प्रोग्रॅममध्ये कन्सिडर केलं असेल, सर."

बाई एकदाच बोलल्या. "साहेब, म्या बोट चुकीच्या जागी ठेवलं असंन. मले नकाशा येत नाही."

अधिकाऱ्यांनी मान खाली घातली. त्यांना वाईट वाटले होते. त्याने काही बदलले नाही.

फाल्गुनात पत्रे उतरले. ते नवऱ्याने स्वतः उतरविले, कारण यंत्राखाली गेले तर वाया जातील. भिंती यंत्राने पाडल्या. अर्धी दुपारही लागली नाही. चौथरा राहिला, तो खणण्याचे आदेशात लिहिलेले नव्हते. शिवणयंत्र टेम्पोत सर्वांत शेवटी चढले. कुटुंब येरवड्याला बाईंच्या दिराकडे एका खोलीत गेले. जाताना त्या अध्यक्षांशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मोगरा हाये मांगं. पाणी घालजा."

त्यानंतर काठ अस्वस्थ झाला. हे सांगणे कठीण आहे, कारण घडत काहीच नव्हते. बंधाऱ्यामागे पाणी काठोकाठ उभे होते आणि हलत नव्हते. दरवर्षी वैशाखापर्यंत विहिरींनी ते निम्म्यावर आणलेले असे. आता नव्या बांधकामांखाली विहिरी बुजल्या होत्या आणि सोसायटीच्या बोअरना तेच पाणी भरलेले हवे होते. बगळे येईनासे झाले. टेकडीवरचे सुरुंग दुपारी उडत, तेव्हा पाण्यावर बारीक थरथर येई आणि बराच वेळ टिके. संध्याकाळी मी मोगऱ्याला पाणी घालावयास चौथऱ्यावर जाई. पाणी चौथऱ्याच्या कडेपासून हातभर होते. उत्तरेला ढग साचू लागले होते. न पडता निघून जात होते.

अध्यक्ष एके सकाळी आले. झोप झालेली दिसत नव्हती.

"चिटनीस, आता खालचं घर कुनाचं?"

"सोसायटीचे तळघर. गाड्या लावतात ते."

"मंग त्यास्नी म्हनायला लावू. त्यांनी म्हनलं की अर्ज करू, कुलूप काढा म्हून."

आम्ही गेलो. दारावरच्या पहारेकऱ्याने आमची नावे लिहून घेतली आणि कोणत्या फ्लॅटमध्ये जायचे ते विचारले. अध्यक्ष म्हणाले, "तळघरात." तो म्हणाला, "वहाँ कोई नहीं रहता, चाचा." शेवटी सोसायटीचा सचिव खाली आला. तिशीचा मुलगा, गळ्यात कार्यालयाचे ओळखपत्र, कानाला फोन. अध्यक्षांनी त्याला रीत सांगितली. या वेळी त्यांनी ती थोडक्यात सांगितली.

"म्हणजे अंकल, मी जाऊन फक्त 'काढा' म्हणायचं?"

"व्हय."

"कोणाला?"

अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले. प्रश्न चुकीचा नव्हता.

"बेसिकली ते आता अथॉरिटीचं आहे ना," तो समजुतीने म्हणाला. "आणि मे महिन्यात बर्गे काढले तर आमचे बोअर ड्राय होतील. टँकर परवडत नाहीत. तुम्ही त्यांना एक मेल टाका."

"मेल कुठं टाकू? वड्यात?" अध्यक्ष म्हणाले.

तो हसला. चांगला मुलगा होता. आम्ही परतलो.

वळीव त्याच आठवड्यात दुपारी पडला. अंधारून आले, वारा सुटला, पत्रे वाजले; त्यात विशेष काही नव्हते. विशेष होता तो आवाज, जो पावसानंतर आला. टेकडीकडून मुरूम भरलेला ट्रक रिकामा होत असावा तसा, परंतु न थांबणारा. मी गच्चीवर गेलो. तांबडे पाणी ओढ्यात उतरले, बंधाऱ्यामागच्या स्थिर पाण्यावर चढले आणि त्याला पुढे वाट मिळाली नाही म्हणून बाजूला वळले. ते घाईने आले नाही. चौथऱ्यावर चढले, मोगऱ्यावरून गेले, मोकळा प्लॉट ओलांडला आणि माझ्या कुंपणाच्या भिंतीपाशी थांबले. पलीकडे तळघरातून गाड्यांचे धोक्याचे भोंगे एकाच वेळी वाजू लागले. पाण्याखाली गेल्यावर ते एकेक करून बंद पडले.

दुसऱ्या दिवशी पाणी थोडे उतरले, आणि अधिकारी मोजणीदार घेऊन आले. बूट चिखलात भरले तरी ते चौथऱ्यापर्यंत गेले. चौथऱ्यावर पोटरीभर गाळ होता.

"सर, बघा. फॅमिली इथं असती तर?"

"बर्गे बाहेर असते, तर येथे पाणी आले नसते."

"ते ऑपरेशन्सकडे आहे. मी प्लॅनिंगमध्ये आहे. तुमचा मुद्दा मी त्यांना फॉरवर्ड करतो." मग ते अगदी आपुलकीने म्हणाले, "खरं सांगू का? घर काढलं ते बरंच झालं. डेटानं प्रूव्ह झालं."

मोजणीदारांनी पाण्याची नवी पातळी घेतली. निळी रेषा त्यानुसार वर सरकविण्यात येईल, असे मला सांगण्यात आले. एकाने माझ्या भिंतीवर, चिखलाच्या डागाच्या किंचित वर, निळ्या रंगाचा पट्टा ओढला. पट्टा सरळ होता. आरेखक म्हणून मला त्यात दोष काढता आला नाही.

त्यांच्या गाड्या गेल्यानंतर बाई आल्या. येरवड्यात पाऊस ऐकून त्यांना राहवले नव्हते. अध्यक्ष कट्ट्यावर बसले होते. त्यांना पाहून ते उठून उभे राहिले. बाईंनी चौथऱ्याकडे पाहिले. गाळ, काटक्या, सोसायटीतून वाहून आलेली एक प्लास्टिकची खुर्ची. मोगरा दिसत नव्हता.

"बर्गे काढले नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"काहून? कोणी म्हनलं नाही?"

"सोसायटीला विचारले. त्यांचे तळघर सर्वांत खाली आहे."

"तिथं कोणी झोपते का, काकाजी?"

त्यांची दृष्टी निळ्या पट्ट्यावर गेली. त्या जवळ गेल्या. रंग ओला होता; बोट लावून पाहिले आणि पदराला पुसले.

"मंग आता तुमचं घर झालं खालचं," त्या म्हणाल्या. "तुमी म्हना."

उत्तरेला पुन्हा काळे झाले होते. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. ते विनोद करीत नव्हते, आणि बाईही नव्हत्या. मला हा प्रकार निरर्थक आहे, हे ठाऊक होते. समिती नव्हती, अधिकार नव्हता, ऐकणारा एकच माणूस होता आणि तोही सत्तरीचा.

"काढा," मी म्हणालो.

अध्यक्ष देवळामागे गेले आणि पहार घेऊन आले. आम्ही तिघे बंधाऱ्यापर्यंत चालत गेलो. पाटी होती. खांब होते. टेकडीवर पाऊस सुरू झालेला असावा, कारण पाणी पुन्हा चढत होते आणि सर्वांत वरच्या बर्ग्यावरून हातभर जाडीने, सलग, जवळपास आवाज न करता वाहत होते. अध्यक्षांनी साखळीसाठी पहार आत घातली. ती कशालाही लागली नाही. त्यांनी गुडघ्यावर बसून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि चाचपडले. मग तो रिकामाच बाहेर काढला.

कुलूप पाण्याखाली गेले होते. बाई केव्हाच मागे वळल्या होत्या. माझ्या घरातले सामान गच्चीवर न्यायला त्यांनी सुरुवातही केली होती.